नानांनी खोदलेला रस्ता

मी शिकलो ते माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला निघायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. तेवढे महिने माझं खाणं, पिणं, शाळा, ताप, सगळं नानांच्या घरी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मला त्यांच्यावरच रागवायचं आहे.

आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा. पुढं एसटीनं चौसाळ्याला जावं लागतं. ती एसटी नानांनी आणलेली. रस्ता खराब म्हणून डेपोवाले गाडी सोडत नव्हते, तेव्हा नानांनी घरटी एक माणूस काढून खड्ड्यांत मुरूम टाकला, तहसीलला खेटे घातले. डांबर नंतर पडलं. त्या गाडीत बसून मी बारावी झालो.

त्याच रस्त्यात मागच्या उन्हाळ्यात नानांनी जेसीबी घातला. विहीर रस्त्याच्या अलीकडं, नवी मोसंबी पलीकडं. डांबर आडवं फोडलं, पाइप टाकला, वर माती लोटली. पावसानं माती बसली आणि तिथं चर पडला. नानांनीच खोदल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? फाट्यापासून गावापर्यंत ज्याला पाणी न्यायचं होतं त्यानं रस्ता फोडला. एका चरात एसटीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तेव्हापासून गाडी फाट्यावरूनच वळते.

मी हे पारावर बोलून पाहिलं.

"सरकार करंल की परत," एकजण म्हणाला. "त्याला काय कमी हाय?"

"गुरुजी," दुसरा म्हणाला, "तुमी येता फटफटीवर. तुमाला कावून दुखतंय?"

सगळे हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मुली घरी बसल्या होत्या.

मी बीडला एका शाळेत शिकवतो. म्हणून यंदा पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेनं भाषणाला बोलावलं. विषय होता देशाच्या विकासात नागरिकांचं कर्तव्य. सार्वजनिक मालमत्ता जपा, असं मी सांगितलं. पुढच्या खुर्चीत नाना होते. सगळ्यांत मोठी टाळी त्यांची. मला वाटलं, त्यांना कळलं.

दुपारी त्यांच्याकडं जेवायला गेलो. त्यांची नववीतली नात चुलीपुढं भाकरी थापत होती. चौसाळ्याला शाळेच्या झेंडावंदनाला गेली नाही का, म्हणून विचारलं.

"एसटी न्हाई, भाऊजी," तिची आई, आमच्या वहिनी म्हणाल्या. "फाट्यापत्तुर रानातून एकटी पोरगी कशी धाडायची?"

नानांनी ताटावरून मान वर केली नाही. "दसऱ्याच्या आत उरकून टाकू तिचं. स्थळ आलंय. नवरा-बायकूचा मिळून ऊसतोडीला एक कोयता होतोय, मुकादमाकडून आगाऊ उचल बी मिळंल."

मुलीनं भाकरी तव्यावर टाकली. मी ताट पुढं सारलं.

"नाना, मोरी तर पुढंच आहे," मी म्हणालो. "पाइप रस्त्याखालून मोरीतून नेता आला असता. डांबराला हातसुद्धा लावावा लागला नसता."

"मोरीच्या तोंडाशी त्याचा बांध हाय."

'त्याचा' म्हणजे त्यांच्या चुलतभावाचा. एका बांधावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद आहे.

"त्याला इचारू व्हय मी?" नाना म्हणाले. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "भाषान लई भारी केलंस."

मी तसाच उठलो. भावकीचा बांध म्हटलं की आमच्याकडं माणूस वीतभर माती हलवताना दहादा विचार करतो. रस्ता मात्र कुणाचाच नाही. त्याच्यासाठी विचारायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही, म्हणून तो फोडायचा. आणि देश पुढं जात नाही म्हणून पारावर बसून सरकारला शिव्या द्यायच्या. मला त्या दिवशी माझ्या भाषणाचीसुद्धा चीड आली. समोर चर दिसत असताना मी हवेत बोललो होतो.

नानांच्या तोंडावर मला बोलता येत नाही. फोनवर ते पाऊसपाणी विचारून फोन ठेवतात. पण चौथी शिकलेले नाना रोजचा पेपर पहिल्या पानापासून वाचतात. म्हणून बीडला आल्यावर पत्र टाकलं:

नाना, पाया पडतो.

हे पत्र चिडून लिहितोय, तुम्हालाही राग येईल. आला तरी शेवटपर्यंत वाचा.

ज्या रस्त्यानं मला शाळेत पाठवलंत, तो तुम्ही तुमच्याच नातीसाठी बंद केलात. दुसऱ्यांनी नंतर खोदला, पहिला चर तुमचा. तुम्ही बुजवलात तर बाकीचे बुजवतील, कारण गाव तुमच्याकडं बघून चालतं. गाव हलवायची ताकद तुमच्यात आहे हे मी लहानपणी पाहिलंय, म्हणूनच जास्त राग येतो.

मी मोरीपाशी बांध असलेल्या काकांकडं जाऊन आलो. मोरीतून पाइप न्यायला ते तयार आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की नानानं स्वतः येऊन विचारावं. ते विचारायला तुमच्या जागी मी जाऊ शकत नाही.

पोरीचं लग्न होणार नाही. तिचं वय नाही, तो गुन्हा आहे. तुम्ही तारीख काढलीत तर तक्रार मी करीन, आणि माझं नाव लपवणार नाही. मला तुम्हीच शिकवलंत, नाना.

रविवारी मी फावडं घेऊन चरापाशी येतोय. येताना काकांच्या घरावरून या.