मालिकेतली पौर्णिमा

टीव्ही लावण्याआधी काकू त्याच्या काळ्या काचेत वाकून बघायच्या आणि कपाळावरचं कुंकू बोटानं नीट करायच्या. त्याच बोटानं बटण दाबायच्या, म्हणून ते बटण कायम लालसर असायचं. पडद्यावर अक्षरं आली की मला हाक यायची, "वाच पोरी, लवकर! काय लिव्हलंय?"

अक्षरं तीन-चार सेकंदच टिकायची. मी एका दमात वाचायचे, "ही मालिका सत्य घटनेवर आधारित आहे. काही प्रसंग व पात्रे काल्पनिक आहेत."

"काही म्हंजे कोणते?"

"ते नाही लिहिलं, काकू."

"मग काय उपेग!" म्हणत त्या पुढं सरकून बसायच्या.

युद्धाच्या मालिका आपण सगळेच बघतो. नायकाकडं बघतो, डोळे पुसतो, जेवायला उठतो. काकू मात्र मागं उभे असलेले शिपाई बघायच्या. ते नट आहेत हे त्यांना ठाऊक होतं. "पर ज्यानं हे लिव्हलं, त्यानं कुणाला तरी इचारलं असंल की. एखाद्यानं ह्यांचं नाव घेतलं असंल."

बोरीत त्यांचं घर आमच्या शेजारी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्यांचे यजमान लढाईवर गेले आणि पलटणीकडून कागद आला : बेपत्ता. तो कागद मला पाठ आहे. आमच्या घरात वाचायला शिकलेली पहिली मीच, आणि काकू दर दिवाळीला तो माझ्याकडून वाचून घ्यायच्या. माझं बी.ए.ही त्यांच्याच ओसरीवर झालं. परीक्षेच्या दिवसांत त्या आवाज बंद करून लढाई बघायच्या. "बॉम्ब पडू दे गपचूप, तू वाच," म्हणायच्या.

त्यांचा पुतण्या चिडवायचा, "काकू, काका आता आले तर वळखतील का तुमाला?"

"न्हाई वळखलं तरी चहा तर पितील!"

दोन वर्षांपूर्वी एक मालिका आली. तिच्यात काकांचीच पलटण होती. नवव्या भागात पुलावरचे सगळे जवान पडले. वर भलामोठा गोल चंद्र. काकू हलल्या नाहीत. शेजारी बसलेला पुतण्या हळूच म्हणाला, "पुनव होती म्हंजे."

त्याच्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं होतं. घरातल्या माणसाचं क्रियाकर्म राहिलंय म्हणून अडतंय, असं गुरुजी सांगायचे. पण तिथीच माहीत नव्हती. महिना कागदात होता. तिथी आता टीव्हीनं दिली.

"आन् ते चांदणं रचलेलं असलं तर?" काकूंनी मला वाहिनीला पत्र लिहायला लावलं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, पुलावरचा प्रसंग खरा की काल्पनिक? मी ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं : आमची मालिका आवडल्याबद्दल आभार, पुढचा भाग चुकवू नका.

"चांदण्याचं काय म्हनायलेत?"

"ते नाही लिहिलं, काकू."

मग भावकी बसली. सगळ्यांसमोर पुतण्यानं मला विचारलं, "तू शिकलेली हायस. घटना खरी हाय का न्हाई, तेवढं सांग."

काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पडद्यावरची दोन्ही वाक्यं मला पाठ होती. मुलीची आई पदरानं डोळे टिपत होती. मी म्हणाले, "घटना खरी आहे, दादा." तिथंच थांबले.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला नदीवर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. बायकांनी काकूंचं कपाळ पुसलं. पन्नासहून जास्त वर्षांचं कुंकू होतं. खाली गोल, पांढरट डाग राहिला.

नंतर एकदा मी विचारलं, "काकू, मालिका नाही लावली?"

"ह्यांना हुडकायसाठी बघत होते," त्या म्हणाल्या. "सापडले की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. ओटी भरायची का, असं एका म्हातारीनं विचारलं. मी तिथंच उभी होते. पांढऱ्या लुगड्यात नेलं त्यांना. मुलीचं लग्न अजून जमलेलं नाही.

पुतण्यानं तो टीव्ही माझ्याकडं पोचवला. "याच्यापुढंच शिकलीस तू, ठेव," म्हणाला. तो माझ्या खोलीत आहे. मी तो लावत नाही. बटण अजून लाल आहे.