बाहेरून लावलेली कडी

ती दुपार निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. कोळवण खोऱ्यातल्या एका गावच्या पोलीस पाटीलबाईंचा ठाण्यात फोन आला. "साहेब, फार्महाऊसवर एक बाई कोंडलीया. खोलीची कडी भाईरनं हाय. बिगीनं या."

बाई उगाच बोभाटा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनाही त्यांच्या नवऱ्याने एकेकाळी भाताच्या कोठीत कोंडून ठेवलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. स्टेशन डायरीत नोंद करून महिला हवालदारासह निघालो. पाटीलबाई वाटेत जीपमध्ये बसल्या.

दार उघडलं ते शहरातल्या एका सुशिक्षित गृहस्थाने. इतकं गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही. "बायको मनोरुग्ण आहे, साहेब. काळजीपोटीच कडी लावतो."

बायकोला बाहेर आणवलं. विचारलं, तर म्हणाली, "मी बरी आहे. माझी तक्रार नाही."

सज्ञान बाई स्वतःच्या तोंडाने नाही म्हणते, तिथे पोलिसांचे हात बांधलेले. आमची पाठ वळल्यावर त्या दाराआड काय होईल, ते मला दिसत होतं.

पाटीलबाई मात्र हलेनात. "ताई, घोटभर पाणी देता?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवल्यावरच ती उठली. पाटीलबाई माझ्याजवळ सरकल्या. "मीबी पान्याला असंच इचारायची. हिला ह्याच्यापास्नं लांब करा."

नवऱ्याला मी अंगणात नेऊन प्रश्नांत गुंतवलं. तो उत्तरं देत होता, पण नजर दारावर. आत तिच्यापाशी पाटीलबाई आणि महिला हवालदार होत्या. बऱ्याच वेळाने रडणं ऐकू आलं. महिला हवालदार बाहेर आल्या त्या संतापाने लाल होऊन. "पाठभर चटके आहेत, सर. जबाब द्यायला तयार आहे."

दुसरी गाडी मागवून त्याला ठाण्यात पाठवलं. आम्ही त्या बाईला आणि पाटीलबाईंना घेऊन निघालो. पाटीलबाई वळून वळून फार्महाऊसच्या वाटेकडे बघत होत्या.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटती की. पर आता भ्या वाटलं, की कळतं, दाराआड कुनीतरी कोंडलंया."

"म्हणजे त्या दिवसांनी तुम्हाला घडवलं."

"तसलं शानपन नगं, साहेब. ती वर्सं माजी गेली ती गेलीच. फुडचं मी केलं."

माणूस सावरला म्हणजे विसरला, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. त्या काहीच विसरल्या नव्हत्या, म्हणून तर आज दार उघडलं होतं.

मागे बसलेल्या त्या बाईने सीटवरची पाण्याची बाटली उचलली आणि कुणाकडेही न बघता घटाघटा प्यायली.