नवाबाची साखळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हांला सांगतो — जमेल तसं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या साखरा गावातून हैदराबादेला जाऊन बी.ए. झालेला पहिला मी. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. तो कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच.

वसमतला मास्तरकी लागली, तेव्हा बापानं गावाजवळच्या तांड्यावरून लमाणी कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं — घोंगडीत गुंडाळून, बैलगाडीतून. उंच हाडाची, हट्टी जात. मी नाव ठेवलं नवाब. त्याचा सख्खा भाऊ तांड्यावरच राहिला; लेकरं त्याच्या पाठीवर बसायची आणि तो जांभया द्यायचा. मग आमचाच नवाब असा कसा झाला?

मी त्याला काही शिकवलं नाही, असं सांगत आलो. खरं होतं का ते? मोठ्या घरचा कुणी दारात येऊन "काय रे मास्तर" म्हणाला, की माझी मूठ साखळीवर आवळायची. नवाब दात दाखवायचा. समोरचा मागं सरायचा — आणि मी नवाबाला गूळ द्यायचो. मला आवडायचं ते. फार आवडायचं. पुढं पुढं तर साखळीही लागेना; माझा श्वास अडला, की तो उठायचा.

बाप आला, की मात्र नवाब लोळण घ्यायचा. बाप म्हणायचा, "काय नवाबसाहेब, मास्तर तुमाला बी छड्या मारून राहिला का?"

एके दुपारी ओट्यावर एक अंमलदार चहाला बसले होते. माझं उर्दू छान चाललं होतं. नवाब पायाशी, साखळी माझ्या हातात. आणि बाप आला — डोक्यावर ज्वारीचं पोतं, गुडघ्यापर्यंत धूळ. रस्त्यावरूनच ओरडला, "बाळ्या, हात लाव की रं! काहून बसून राहिला?"

मी उठलो नाही. त्या क्षणी मला बाप तिथं नको होता — एवढंच. मूठ आवळली.

नवाबानं बापाचा उजवा हात धरला. सोडला, तेव्हा पोतं फुटून ज्वारी रस्ताभर झाली होती.

अंमलदार म्हणाले, लमाणी कुत्रं, रक्तच तसं. मी मान डोलावली. त्यांच्या टांग्यात शिकारीची बंदूक होती. हाताला फडकं गुंडाळत बाप म्हणत होता, "मारू नका साहेब, त्याचा काय कसूर?" मी साखळी त्यांच्या शिपायाच्या हातात दिली. नवाब वळून वळून माझ्याकडं बघत गेला — शेपूट हलवत. गुळाची वाट बघत असेल.

बापाची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. कासरा डाव्या हातानं धरायला लागला. कुणी विचारलं, की सांगायचा, "अंधार होता ना. वळखलं न्हाई त्यानं मला."

भर दुपार होती. बापालाही ते ठाऊक होतं.

मी मास्तर. त्याचं ते वाक्य मी एकदाही दुरुस्त केलं नाही.