अर्धा टी-सेट

काल शेजारच्या सुमतीकाकूंनी चहा दिला, तो सोनेरी कडेच्या नाजूक कपात. खाली बशी मात्र स्टीलची. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बश्या माझ्या जोडीदारणीकडे गेल्या. टेनिसच्या महिला दुहेरीत आम्ही पहिल्यांदा जिंकलो, तेव्हा दोघींना मिळून एकच टी-सेट दिला होता."

"आणि पुरुषांना?"

"त्यांना चांदीचे चषक. प्रत्येकाला वेगळा."

माझं डोकंच फिरलं. पदर खोचून या बायका भर उन्हात धावल्या, पुढची कितीतरी वर्षं त्यांना कुणी हरवू शकलं नाही, आणि बक्षीस देणाऱ्यांना सुचलं काय, तर चहाची भांडी! जिंकलात ना, आता घरी जाऊन चहा करा. लग्नं झाल्यावर दोघींच्या रॅकेट माळ्यावर गेल्या. बक्षीस तेवढं रोजच्या वापरात राहिलं.

काकू हे सगळं हसत सांगत होत्या. राग मला येत होता, त्यांच्या वाटचासुद्धा.

समोर त्यांचा मुलगा टीव्हीवर टेनिस बघत होता. मान न वळवताच त्याने रिकामा कप मागे धरला.

"काय खेळतेय ही पोरगी! आई, अजून अर्धा कप दे गं."

काकू उठल्या.