दुपारची ती आजी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते बहुतेक हसण्यासाठीच… राग मानू नका. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी अख्खी नोकरी झाली. रात्रपाळीला शवागाराच्या बोळातून चहाचा कप हातात घेऊन एकटी जायचे-यायचे. माझ्यासमोर किती माणसं गेली असतील, त्यातलं एकही कधी परत येऊन "सिस्टर" म्हणून हाक मारून गेलं नाही. त्यामुळं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज आहे का? तेही छातीठोक सांगता येणार नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते फक्त लिहितेय. नावं बदलली आहेत.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, समोरचं दार बिराजदारबाईंचं. गॅलरी पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात जेवणं झाली की तिकडचं दार लावून पडदा ओढायचा, तो दिवस कलेपर्यंत उघडायचा नाही. मुलगा नितीन टेंभुर्णीकडं साखर कारखान्यात असतो, शनिवारी रात्री येतो. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघीच — मी, सून पल्लवी आणि नात ओवी. ओवी तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती.

पल्लवी अक्कलकोटकडची, माहेरी कन्नड बोलतात. तिची आई — ती तिला अव्वा म्हणते — पल्लवी कॉलेजात असतानाच वारली. मी त्या बाईंना कधी पाहिलेलं नाही. माहेरी करणारं कुणी बाईमाणूस नाही म्हणून पल्लवीचं बाळंतपण इथंच झालं. शेक, तेल, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ… सगळं मी केलं, आणि मला ते आवडलं. लिहायला बरं दिसत नाही, पण विहीण नाही याचं मला मनातून बरंच वाटायचं. नातीत वाटेकरी नव्हता.

पल्लवी परत नोकरीला लागली (एका कंपनीत अकाउंट्सला आहे) तेव्हापासून ओवी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. माझ्या मांडीशिवाय झोपायची नाही. पल्लवीनं रविवारी थोपटलं तरी उठून माझ्याकडं यायची, आणि मी "अगं, आईजवळ झोप की" म्हणायचे खरी… पण तोंडदेखलंच.

तर उन्हाळ्यातली एक दुपार. मी ओवीला मांडीवर घेतलं, तर ती उठून बसली.

"तू नको," म्हणाली. "ती आजी."

"कुठली आजी?"

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बोट केलं. तिथं कुणी नव्हतं. लहान मुलं बोलतात असं काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझी मांडी सोडून ती चटईवर एकटीच आडवी व्हायची, दाराकडं तोंड करून, आणि गालात हसत झोपून जायची. इतकी शहाण्यासारखी ती माझ्याकडं कधी झोपली नव्हती.

"कशी दिसते गं ती आजी?" मी एकदा विचारलं.

"हितं पांढरं पांढरं," तिनं कपाळावर बोट ओढून दाखवलं.

कपाळावर आडवी विभूती लावणाऱ्या म्हणजे समोरच्या बिराजदारबाई. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा डोळा लागला की ही बाई येऊन पोरीला खाऊबिऊ देऊन नादाला लावत असणार. दाराला कडी असते, मग ती आत येते कुठून, एवढा साधा विचारसुद्धा मला सुचला नाही. संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या तशी मी म्हटलंच, "बिराजदारबाई, दुपारच्या वेळी ओवीला उठवत जाऊ नका. तिला माझ्याजवळ झोपायची सवय आहे."

त्या बघतच राहिल्या. "आवो सिस्टर, लेकीकडं विजापूरला गेलेवते की मी. आत्ता उतरतेय गाडीतनं. पिशवी बघा की हातात."

पिशवी होती. दुसऱ्या हातात कुलपाची किल्ली होती. मी काहीतरी पुटपुटत घरात आले आणि नंतर चार दिवस त्यांची नजर चुकवत होते.

मग ओवीचं नवीनच सुरू झालं. झोपायच्या आधी, दाराकडं बघून झालं की माझ्याकडं वळायची आणि विचारायची, "गुब्बी उंडाळेन?"

मी मूळची जेऊरकडची, मला कन्नडचा गंध नाही. मला वाटलं कणकेचा उंडा मागतेय. पोळ्या करताना द्यायचे मी तिला खेळायला. म्हणून उठून कणीक मळली, छोटा उंडा करून दिला. तिनं तो बाजूला ठेवला.

"नको. ती विचारते. गुब्बी उंडाळेन?"

"हो गं बाई," मी वैतागून म्हटलं, तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मग रोजचंच झालं. तिनं विचारायचं, मी हो म्हणायचं, की ती झोपणार.

हे सगळं मी पल्लवीला सांगितलं नाही. सांगायचं काय — की पोरगी आता माझ्याकडं झोपत नाही? नितीनलाही बोलले नाही. पण आतून जळत होते. एका दुपारी ठरवून जागी राहिले. ओवी दाराकडं बघत होती. पोरं फोनवर बाबांचं बोलणं ऐकताना कशी मान हलवतात, तशी मान हलवत होती. मला भीती वाटायला हवी होती, नाही का? मला राग आला. रिकाम्या दाराकडं बघून मी चक्क मोठ्यानं म्हणाले, "कोण असाल त्या असा. ही माझी नात आहे."

ओवी म्हणाली, "ती हसली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पल्लवीची शांतव्वा मावशी अक्कलकोटहून डोळे दाखवायला सोलापुरात आल्या. अव्वाची सख्खी बहीण. शनिवार होता, पल्लवीला हाफ डे. ती ऑफिसातून थेट मावशीला घेऊनच आली, दोघी उशिरा जेवायला बसल्या. मी वाढत होते. ओवी चटईवर होती. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं नुसतं पाहिलं आणि नेहमीसारखं मला विचारलं.

"गुब्बी उंडाळेन?"

पल्लवीनं मान वर केली, पण मावशींचा घास हातातच राहिला.

"हे कोण शिकवलं गं हिला?" त्यांनी पल्लवीला विचारलं.

"मी नाही शिकवलं. उंडाळेन म्हणजे जेवली का," पल्लवीनं मला सांगितलं. मग ओवीकडं वळली. "गुब्बी म्हणजे चिमणी. कुठली चिमणी जेवली का विचारतेस, बाळा?"

"चिमणी न्हाय," मावशी म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. "गुब्बी तू. दिवस भरायच्या आधीच झालीस बघ तू. मुठीएवढी. कापसात ठेवलेली. दूध ओढायची न्हाईस, म्हणून माझी बहीण दिवसभर येईल-जाईल त्याला विचारायची, गुब्बी उंडाळेन, गुब्बी उंडाळेन. मग बारशात पल्लवी ठेवलं आन् तुझी आज्जी म्हणाली, चिमणी-बिमणी म्हणू नका, पोर तेवढीच ऱ्हाईल. तवापासनं बंदच केलं सगळ्यांनी."

"मला कसं माहीत नाही?"

"कोण सांगणार? मीच इसरलेवते की."

पल्लवी रडली वगैरे नाही. उष्ट्या हातानं ओवीपाशी जाऊन बसली. "कोण विचारतं हे तुला?"

"ती आजी."

"कधी येते?"

"दुपारी."

"मग मला का नाही दिसत?"

"तू नसतेस," ओवी म्हणाली.

मग मला सगळं सांगावंच लागलं. पल्लवीनं फोनमधला अव्वाचा फोटो काढून ओवीला दाखवला. खरं तेच लिहिते — ओवीनं तो ओळखला नाही. "ही कोण?" म्हणाली आणि खेळायला गेली. फोटो जुना होता, कुठल्या तरी लग्नातला, एरवी अव्वा लावायच्या ती विभूती कपाळावर नव्हती. पण ओळखला नाही हे खरं.

सोमवारी पल्लवीनं आठवडाभराची रजा टाकली. कारण विचारलं नाही मी. दुपारी जेवून ती स्वयंपाकघराच्या दारासमोर बसायची, ओवीला जवळ घेऊन. काहीच व्हायचं नाही. ओवी माझी मांडी मागायची आणि झोपायची. मला मांडी परत मिळाली होती आणि तिचा आनंद होत नव्हता.

बुधवारी पल्लवी ओवीवर खेकसली. "नीट बघ. आलीय का?" ओवी घाबरून रडायला लागली. मी पोरीला उचललं, आत नेऊन निजवलं आणि बाहेर आले, तर पल्लवी तिथंच बसलेली.

"माझी आई आहे ती," मला म्हणाली. "हिचा आणि तिचा संबंध काय? हिला तर तिनं पाहिलंसुद्धा नाही. एवढ्या लांबून आली ती माझी चौकशी करायला, आणि मी ऑफिसात व्हाउचर तपासत होते." मग दाराकडंच बघत म्हणाली, "पोटच्या पोरीचा हेवा वाटतोय मला, आई. कुणाला सांगू नका."

मी काय सांगणार होते? मला वाटायचं, या घरात जळणारी मी एकटीच. आणि त्या क्षणी तर मी पल्लवीवरही जळत होते. तिची आई कुठून कुठून शोधत आली तिच्यासाठी. माझे मिस्टर गेले ते गेलेच, त्यांनी कधी दाराआडूनसुद्धा विचारलं नाही, बाई, कशी आहेस.

शनिवारी, रजेच्या शेवटच्या दिवशी, जेवणं झाली आणि लाइट गेली. गॅलरीचं दार बंद, खिडक्या बंद, पंखा बंद. पल्लवी फरशीवरच आडवी झाली आणि बसून बसून थकलेलं माणूस झोपतं तशी झोपली. मी तिला आणि ओवीला पेपरनं वारा घालत होते. हात भरून आला म्हणून पेपर खाली ठेवला.

ओवी उठून बसली. तोंडावर बोट ठेवून कुणाला तरी म्हणाली, "श्श. झोपलीय."

आणि पल्लवीच्या कपाळावर आलेले केस मागं गेले.

वाऱ्यानं उडतात तसे नाही. बोटं घालून मागं न्यावेत तसे, सावकाश, कपाळापासून कानाच्या मागपर्यंत. परत तसंच. तिसऱ्यांदा एक बट कानाआड गेली आणि तिथंच राहिली. पडदा हलत नव्हता, मी मुद्दाम पाहिला. पल्लवीनं झोपेतच मोठा श्वास सोडला आणि मान त्या बाजूला कलंडू दिली, कुणाच्या तरी तळहातावर द्यावी तशी.

मी बघत राहिले. अंगावर काटा आला नाही. हेवा वाटला, आणि कुणाचा ते कळेना… जिचे केस होते तिचा, की जिचा हात होता तिचा. माझा हात पल्लवीला किती वेळा लागला असेल — नाडी बघायला, ताप बघायला, बाळंतपणात तेल लावायला. पण असा, नुसता, कधी नाही.

लाइट आली, पंखा फिरला, पल्लवी जागी झाली. "आली होती?" तिनं आधी ओवीला विचारलं. ओवी बाहुलीत गुंतली होती. मग माझ्याकडं पाहिलं. मी जे पाहिलं ते सांगितलं.

"तुम्हालाही दिसलं," ती म्हणाली. आवाजात तेच, बुधवारचंच. "मी तेवढी झोपले."

"दिसलं काहीच नाही गं. केस तेवढे हलले."

"कसे? कुठून कुठपर्यंत?"

"इथून… कानाच्या मागं."

"तसं नाही. दाखवा." ती माझ्यासमोर सरकली आणि डोळे मिटून घेतले.

मी दाखवलं. अवघडल्यासारखंच झालं मला. एकदा दाखवून हात काढून घेतला, तर तिनं डोळे उघडले नाहीत. "परत," म्हणाली.

त्यानंतर ओवी त्या आजीबद्दल कधी बोलली नाही. आता नर्सरीत जाते. विचारलं तर "कुठली आजी?" म्हणून आपल्यालाच वेड्यात काढते. नितीनचं म्हणणं, उकाड्यात डोळ्यांपुढं असं होतं, आणि पल्लवीचे वडील फोनवर कन्नड बोलतात, त्यातून पोरीनं उचललं असेल. असेल. पण जे नाव पल्लवीला स्वतःला माहीत नव्हतं, मावशी विसरल्या होत्या, ते ओवीनं कुठून उचललं, हे त्यालाही सांगता येत नाही. मला तर नाहीच येत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

पल्लवी अजून एखाद्या रविवारी, न्हाऊन केस मोकळे सोडले की माझ्यासमोर येऊन बसते. "कसा होता, दाखवा." मी दाखवते. खरं सांगायचं तर तो हात नेमका कसा फिरला होता, ते आता मला नीट आठवत नाही. मी माझाच हात फिरवते. तिच्या ते लक्षात आलंय की नाही, कोण जाणे… ती डोळे मिटूनच असते.