गोल नाकाच्या इंजिनाचं पाकीट

मी रेल्वेची जुनी पाकिटं जमवतो. तिकिटं नव्हेत, पाकिटं. पूर्वी मोठ्या शहरांतले एजंट लांबच्या गाडीचं तिकीट छापील पाकिटात घालून देत, ती. वाशीमचे रद्दीवाले चाचा माझ्यासाठी ती बाजूला काढून ठेवतात. "अंदर कुछ नहीं है, मास्तर," असं दरवेळी बजावतातही.

त्यातलं एक निळं, गोल नाकाच्या इंजिनाचं, माझा जीव की प्राण. एके दिवशी तेच अल्बममधून गायब!

"पोरीचा फोटो अन् बायोडाटा घालून केनवडले धाडलं," बायको शांतपणे म्हणाली. "पोराच्या आजोबाले मोबाइलवरचं चालत नाई. घरात पाकिटाइचा ढीग असताना मी दुकानात कायले जाऊ?"

आमच्याकडची रीत अशी, की स्थळ पसंत पडलं तर निरोप येतो आणि नाही पडलं तर फोटो परत येतो. म्हणजे नकार आला तरच माझं पाकीट मिळणार. पोरगा चांगला होता. त्याचा फोटो आमच्या पोरीने तीनदा पाहिलेला मी पाहिला होता. तरीही मी देव पाण्यात घालून बसलो, आणि कशासाठी ते देवाला सांगायचीही लाज वाटत होती.

आठवड्याने केनवडच्या एका पाहुण्याने पाकीट आणून दिलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. ना चुरगळलेलं, ना तेलाचा डाग.

"आलं! जसंच्या तसं आलं!" मी ओरडलो.

पोरगी दारातच उभी होती. तिने पाकीट घेतलं, आतला आपला फोटो काढला आणि रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं.

"घ्या बाबा. तुमचं तं काम झालं."

चिडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी ते पाकीट अल्बममध्ये लावलंच नाही.

मग रिसोडचं स्थळ आलं. तिथेही फोटो कागदावरच हवा होता. बायकोने या वेळी दुकानातून पांढरं पाकीट आणलं. मी ते बाजूला सारलं आणि फोटो निळ्यात घातला.

"वापस नाई आलं तं रडसान," पोरगी म्हणाली.

"नकोच येऊ दे," मी म्हणालो.

आज सोळा दिवस झाले. कोणी कडी वाजवली की आधी त्याच्या हातात निळं काही आहे का ते पाहतो. देव पुन्हा पाण्यात आहेत.