सात ठिपके

मृणाली बिऱ्हाडे मूळची एरंडोलची, धुळ्याच्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल. नोकरी सांभाळून ती पीएच.डी. करत होती. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ पुढे कोण कोण देतं आणि त्यावरून त्याचा खरा प्रभाव कसा मोजायचा, हा तिचा विषय. ग्रंथालयशास्त्रातले निबंध तिने संगणकावर मांडले होते. प्रत्येक लेखक म्हणजे एक ठिपका, प्रत्येक संदर्भ म्हणजे एक रेघ. त्या जाळ्यात सात ठिपक्यांचा घट्ट पुंजका निघाला. हे सातजण वर्षानुवर्षं एकमेकांचेच संदर्भ देत होते. आकडे भरघोस, पण बाहेरून येणारी रेघ क्वचितच. नावं मात्र तिने प्रबंधात घातली नव्हती.

मौखिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर यांचा फोन आला. ठरलेले परीक्षक आजारी पडले होते, त्यांच्या जागी दुसरे येणार होते. नाव ऐकून मृणालीने ते जाळ्यात शोधलं. सातांपैकीच एक.

"ते पुंजक्याचं चित्र उद्या दाखवू नकोस," सर म्हणाले.

तिने आईला फोन लावला. मंदाबाईंना रेघा कळल्या नाहीत, धोका लगेच कळला. "एक चित्र शे ना? काढी टाक. मोठा माणूसशी वैर कसाले?"

मृणालीने सादरीकरणातून चित्र काढून टाकलं. सकाळी पुन्हा घातलं. त्याच्याशिवाय चौथं प्रकरण कशावर उभं राहणार?

पडद्यावर पुंजका आला तेव्हा परीक्षक पुढे वाकले. "हे सात कोण?"

"नावं दिलेली नाहीत, सर."

"मी आहे यात?"

प्रेमराज सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"आहात, सर."

"आम्ही एकमेकांचं वाचतो, म्हणून संदर्भ देतो. हा गुन्हा आहे का?"

"नाही, सर. बाहेरचं कोण वाचतं, एवढंच मी मोजलं."

"माझं कोण वाचतं?"

"गावातल्या वाचनालयांवरचा तुमचा जुना निबंध वाचतात. आसाममधून, केरळमधून. त्या रेघा खऱ्या आहेत."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. मग म्हणाले, "तो मी नोकरी लागायच्या आधी लिहिला होता." आणि त्यांनी अहवालात लिहिलं, चौथ्या प्रकरणाची पद्धत पुन्हा तपासावी.

बाहेर आल्यावर प्रेमराज सर तिच्यासाठी न थांबता निघून गेले. सगळा हिवाळा ती दुसऱ्या रीतीने तीच मोजणी करत बसली. पुंजका जागचा हलला नाही. सुधारलेला प्रबंध विद्यापीठाकडून नव्या परीक्षकांकडे गेला आणि पुढच्या वर्षी पदवी मिळाली.

त्या सातजणांच्या हातात असलेल्या चर्चासत्रांची निमंत्रणं तिला आता येत नाहीत. येतील हळूहळू, असं प्रेमराज सर म्हणतात. तिला तसं वाटत नाही.